पत आणि ऐपत

बाजाराला नुकती जाग येत होती. माण तालुक्यातलं एक गाव, सकाळचे साडेसात, लिंबाखाली पोती अंथरून बायका बसायला लागलेल्या. त्यांच्यामधून काखेला पिशवी लावलेला एक माणूस फिरत होता. एका बाईला त्याने नऊशे रुपये मोजून दिले, छोट्या वहीत काहीतरी टिपलं आणि तो पुढे गेला. बाई ते पैसे मुठीत धरून टेम्पोकडे धावली आणि वांगी-मिरचीची दोन क्रेट उतरवून घेऊन आली. संध्याकाळी दिवे लागायच्या आत तो माणूस परत येणार होता, आणि तेव्हा तिने त्याला हजार द्यायचे होते.

मी तिच्याशेजारी बसले. शंभर रुपये जास्त जातात, परवडतं का, असं विचारलं. वांगी निवडता निवडता ती म्हणाली, “ताई, शंभर त्याचं, दोनशे माझं. त्यानं दिलं न्हाईत तर माझं दोनशे कुठनं येणार?”

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पैसा’ असा कळवला तेव्हा मी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मागून घेतले. बँकेचं कर्ज मिळाल्यावर माणसाच्या संसारात नेमकं काय बदलतं, हे मला बघायचं होतं. पण पहिला धडा कर्ज न मिळालेल्या बाईने दिला. दर आठवड्याला एक बाजार धरला तर त्या नऊशे रुपयांवर ती वर्षाला ५,२०० रुपये व्याज भरते. तेच नऊशे दरसाल दर शेकडा १२ने तिच्याकडे वर्षभर राहिले असते, तर व्याज झालं असतं १०८ रुपये. म्हणजे तिचं एका दिवसाचं व्याज बँकेच्या वर्षाच्या व्याजाइतकं आहे. हा फरक मिटला तर त्या घरात वर्षाकाठी एक शेळी येईल, किंवा एका पोरीचा कॉलेजला जायचा एसटीचा पास निघेल.

बँकेत का जात नाही, या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, “आधारावर माहेरचं नाव हाय.”

आपल्या भाषेत जुळ्या वाटाव्यात अशा दोन शब्दांत हा सगळा विषय सामावलेला आहे, पत आणि ऐपत. ऐपत म्हणजे जवळ काय आहे ते : जमीन, घर, दागिना. पत म्हणजे दिलेल्या शब्दाला गावात असलेली किंमत. वहीवाला माणूस तिच्याकडून कागद मागत नाही, कारण ती संध्याकाळी पैसे देते हे त्याला ठाऊक आहे. तो तिची पत ओळखतो आणि त्या ओळखीची जबर किंमत वसूल करतो. बँकेचं व्याज वाजवी, पण ती आधी ऐपत विचारते. या दोघांच्या मधे जी जागा मोकळी राहते, तिथे काय घडतं ते या दोन जिल्ह्यांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

अंगठ्यांची बँक

म्हसवड हे सिद्धनाथाचं गाव. धनगरांच्या मेंढ्या, घोंगड्या आणि दुष्काळ ही या भागाची ओळख. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाशांच्या चळवळीतून घडलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला पावसाळ्यात पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे बाजूला टाकायची तिची तयारी होती, पण एवढ्या बारीक रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. तिला कर्जदेखील नको होतं, तिचेच पैसे सांभाळायला जागा हवी होती.

त्यातून महिलांची बँक काढायचं ठरलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. प्रवर्तक बायकांनी सह्यांच्या जागी अंगठे उठवले होते, म्हणून तो नामंजूर झाला. बायका गावी परतल्या आणि अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता-वाचता आलं नाही, कारण गावात शाळा नव्हती. पण हिशेब येतो, असं त्यांनी सांगितलं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो आणि तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय सांगावं, असं त्यांचं आव्हान होतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. चेतनाताईंनी ती देशोदेशींच्या व्यासपीठांवर सांगितली आहे, आणि २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदी त्या होत्या. मला जास्त मोलाचं वाटतं ते परवाना मिळाल्यानंतरचं, कारण बँक कशी चालवायची हे ग्राहक बायकांनीच बँकेला शिकवलं. मजुरी बुडवून आम्ही बँकेत येऊ शकत नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा बँक त्यांच्या दारात जाऊन पैसे गोळा करू लागली. पासबुक घरी न्यायला बायका तयार नव्हत्या, कारण नवऱ्याने ते पाहिलं तर साठवलेले पैसे जाणार. मग आकडा उघडा पडणार नाही असं कार्ड आलं. २००६ साली ‘माणदेशी उद्योगिनी’ ही बायकांसाठीची व्यवसायशाळा सुरू झाली. पुढे तिचे वर्ग बसमध्ये भरून गावोगाव फिरू लागले.

एक धडा कठीण होता. २०१२च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण टाकायला आली. जनावरांना वैरण घ्यायची होती, पण विकत घ्यायला वैरणच शिल्लक नव्हती आणि पाणीही नव्हतं. कर्ज मंजूर झालं असतं तरी गोठ्यातली गाय उपाशीच राहिली असती. त्या वेळी माणदेशीने म्हसवडला चारा छावणी उभी केली. पैशाने जे मिळतं तेवढंच कर्ज मिळवून देऊ शकतं, आणि गावात पाणी नसेल तर कर्जाचा कागद ओझं होऊन बसतो.

तिथून निघताना एका शेळीवालीच्या घरी थांबले. पहिल्या कर्जातून दोन शेळ्या, त्यांची करडं, मग शिलाई मशीन, असा तिचा प्रवास. काय बदललं, असं मी विचारलं. मला आकड्याची अपेक्षा होती. ती म्हणाली, “आता सासूबाई औषिदाला पैसं माज्याकडं मागत्यात.” बाहेर काय शिजतंय ते बघायला गेलेली तिची सासू आत येऊन बसली आणि हसली. घरातल्या पैशाची दिशा बदलली की घरातला शब्दही बदलतो, हे कुठल्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात बसवणं अवघड आहे.

उसाच्या सरीत दोन कर्जं

म्हसवडहून कराड आणि तिथून वाळवा तालुका. चार तासांत मुलूख पालटतो. कृष्णाकाठी दोन्ही बाजूंना ऊस आणि प्रत्येक गावात विकास सेवा सोसायटीची इमारत. इथे कर्जासाठी कुणी धावताना दिसत नाही, कारण त्याचा पाट पडलेला आहे. सोसायटीचा सचिव शेतकऱ्याचं क्षेत्र आणि पीक बघून कर्जमर्यादा पत्रक तयार करतो, जिल्हा बँक पैसे सोडते, ऊस कारखान्याला जातो आणि बिलातून सोसायटीची कपात होऊन उरलेली रक्कम खात्यावर पडते. वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने पडतं.

ही व्यवस्था सहज उभी राहिलेली नाही. १८७५ साली पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली. त्यानंतर १८७९ साली आलेला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून ते वेगळे झाले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली पडलं. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तरीही १९५१-५२च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या दर शंभर रुपये कर्जातले सुमारे सत्तर सावकाराचेच निघाले. सहकाराचे होते जेमतेम तीन. त्या पाहणी समितीत धनंजयराव गाडगीळ होते. गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि कारखाना यांची आजची साखळी त्यानंतरच्या पिढीने घट्ट केली. कृष्णाकाठची पक्की घरं आणि इंजिनिअरिंगला गेलेली पोरं पाहताना हा पाया विसरू नये.

पण या व्यवस्थेलाही तडे आहेत. आडसाली उसाला लावणीपासून तोडीपर्यंत दीड वर्ष लागतं. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम असला तरी बिल लांबतं आणि वसुलीची तारीख मात्र लांबत नाही. मग सुरू होतं ‘नवं-जुनं’. खासगीतून आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलून खासगीवाल्याला द्यायचे. कागदावर शेतकरी नियमित फेड करणारा ठरतो. खरं कर्ज जागचं हललेलं नसतं, आणि शून्य टक्क्यांच्या कर्जाला त्या आठ दिवसांचं सावकारी व्याज चिकटतं. एका सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, “फेडलं म्हंजे काय, कूस बदलली.”

दुसरा तडा शेतातच दिसला. फडात तोड चालू होती. बीडकडून आलेली एक जोडी मोळ्या बांधत होती. त्यांनी मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतली होती आणि आता कोयता चालवून ती फेडत होते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे यायचं. एकाच सरीत दोन कर्जं उभी होती. मालकाच्या कर्जाला व्याज नाही, तोडणाऱ्याच्या कर्जात त्याचं पुढचं वर्षच गहाण आहे. मालकाकडे सातबारा आहे, तोडणाऱ्याकडे दोन हात आहेत, आणि हातांवर बोजा चढवायची सोय बँकेच्या कागदात नाही.

अशी कागदाबाहेरची माणसं गावातही आहेत. खंडाने किंवा वाट्याने जमीन करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. शेतातलं निम्मं काम करणाऱ्या बाईचं नावही त्यावर क्वचितच असतं. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली होती, बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा म्हणून. ती हाक आजही तितकीच खरी आहे, कारण जमिनीचा कागद हा बाईसाठी बँकेच्या दाराचा उंबरठा आहे.

थांबण्याची ताकद

सांगलीच्या हळदीच्या पेठेत शिरलं की आधी नाक सांगतं, मग डोळे. सौद्यात राजापुरी हळदीच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात, मूठभर हळकुंडं उचलतात, एखादं मोडून आतला रंग बघतात आणि भाव पुकारला जातो. हळद निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते आणि फेब्रुवारी-मार्चला एकदम बाजारात उतरते. आवक वाढली की भाव बसतो. दोन-चार महिन्यांनी तो चढण्याची आशा असते, पण चढेपर्यंत थांबणार कोण? घरात लग्न, सोसायटीचं देणं, पोराची फी.

जुन्या सांगलीने यावर उत्तर शोधलं होतं. कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीत पेवं खणलेली होती. त्यात हळद घालून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. महापुरांनी आणि शीतगृहांनी पेवांचे दिवस संपत आणले, पण कल्पना तीच राहिली. आता माल गोदामात ठेवून शेतमाल तारण कर्ज काढता येतं. पणन मंडळाच्या योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने ६ महिन्यांसाठी मिळते. तासगाव-सांगलीचे बेदाणेवालेही शीतगृहातल्या मालावर कर्ज काढतात. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्ष बारा-पंधरा दिवस वाळतं, बेदाणा होतो आणि त्या क्षणी नाशवंत माल तारण ठेवण्याजोगा होतो. ज्याला बेदाणा करायला शेड आहे आणि ठेवायला शीतगृह आहे, तो पडत्या भावाला नाही म्हणू शकतो.

इथे मला कर्जाचं एक वेगळं रूप दिसलं. म्हसवडच्या बाईला कर्जाने भांडवल दिलं, वाळव्याच्या शेतकऱ्याला लागवडीचा खर्च दिला, सांगलीच्या हळदवाल्याला त्याने वेळ दिला. गरीब माणूस बाजारात हरतो तो बहुतेकदा घाईमुळे. पण इथेही पाच पोती असणारा गोदामापर्यंत पोचत नाही. वाहतूक, हमाली, प्रतवारी आणि एक दिवसाचा खाडा, हे सगळं पाच पोत्यांना परवडत नाही. एका तरुण शेतकऱ्याने मला सांगितलं की त्यांच्या वाडीतल्या सात घरांनी एकत्र टेम्पो करून माल ठेवला, तेव्हा कुठे ते जमलं. या गोष्टीला सरकारी नाव काहीही द्या, आपल्या भाषेत त्याला सावड म्हणतात.

गेलेल्या बँका

साताऱ्यात आणि सांगलीत जुनी माणसं अजून काही बँकांची नावं घरच्या माणसांसारखी घेतात. सांगली बँक १९१६ची, युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची, मुख्य कचेरी साताऱ्यात. मॅनेजरला ग्राहकाचा धंदा माहीत असायचा, त्याच्या वडिलांचाही. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. पैसे बुडाले नाहीत, पण कर्ज मंजूर करणारी खुर्ची जिल्ह्याबाहेर गेली. दूरच्या खुर्चीला पत दिसत नाही. तिला दिसतो सिबिलचा आकडा आणि तारणाची किंमत.

ओळखीने दिलेलं कर्ज नेहमी चांगलंच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण याच दोन जिल्ह्यांनी त्याची दुसरी बाजू सोसली आहे. बँक ऑफ कराड १९९२च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ साली गेला, कराड जनता सहकारी बँकेचा डिसेंबर २०२० मध्ये. ठेवीदारांच्या रांगांत निवृत्त शिक्षक होते, भाजीवाले होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले बाप होते. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण २०२० साली १ लाखावरून ५ लाखांवर गेलं, हा मोठा आधार आहे. पण संस्था बुडते तेव्हा पैशाबरोबर आणखी एक गोष्ट बुडते. उद्या कुणा गरजूला कर्ज देऊ शकणारी गावची तिजोरीच नाहीशी होते. पतीवर चालणाऱ्या बँकेला हिशेब कडकच लागतो, नाहीतर ओळखीचा वशिला व्हायला वेळ लागत नाही.

हप्त्याचा दिवस

मिरजेच्या एका वस्तीत सकाळी नऊला सतरंजी पसरली होती. नऊ बायका, एक तरुण वसुली अधिकारी, हातात टॅब. मायक्रोफायनान्सच्या गटाची बैठक. एकीचा हप्ता कमी होता. कुणी ओरडलं नाही. बाकीच्यांनी पदराच्या गाठी सोडल्या आणि तीनशे रुपये जमवले. दहा मिनिटांत बैठक उठली. जिचा हप्ता चुकला होता ती मात्र मान खाली घालून बसून राहिली. “पैसं दिलं समद्यांनी, पन आता नळावर बोलनार न्हाईत,” ती म्हणाली.

इथे तारण ठेवली जाते ती शेजाऱ्यांतली अब्रू. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा गट आधी स्वतः बचत करायचा, आपसांत उसनवारी करून शिस्त लावायचा आणि मग बँकेकडे जायचा. मायक्रोफायनान्सच्या गटात ही पायरी गाळली गेली आहे. कर्ज पटकन मिळतं, कागद थोडे लागतात, सावकारापेक्षा ते स्वस्त पडतं, हे खरंच आहे. म्हणून बायका ते घेतात. पण एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं, दुसरीसाठी तिसरीचं, असं सुरू झालं की आठवडा हप्त्यांनीच मोजावा लागतो. २०१९च्या महापुरात घरात गाळ असतानाही हप्त्याच्या तारखा येत राहिल्या, आणि सांगली-कोल्हापूर भागात या कर्जांविरुद्ध बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरावर एकूण हप्त्यांचा बोजा महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केला. नियम चांगला आहे. पण निम्मं कशाचं? रोजंदारीच्या घरात आषाढातलं उत्पन्न वेगळं आणि माघातलं वेगळं.

कर्जाने काय होतं

या दोन जिल्ह्यांत पंधरा दिवस फिरून माझं मत पक्कं झालं आहे. कर्ज मिळालं की माणूस सुखी होतो, हे अर्धंच खरं. कर्जाने घर वर येतं ते तीन गोष्टी जुळल्या तरच. कर्ज देणाऱ्याला घेणाऱ्याचं काम माहीत हवं. हप्त्याची तारीख घरात पैसा येण्याच्या तारखेशी जुळायला हवी. आणि अडचण आलीच तर माणसाची अब्रू न घालवता वाट काढता यायला हवी. म्हसवडला या तिन्ही गोष्टी जुळवायचा प्रयत्न दिसला. कृष्णाकाठी दुसरी अर्धवट जुळते, म्हणून नवं-जुनं होतं. मिरजेच्या सतरंजीवर तिसरी हरवली आहे. आणि लिंबाखालच्या भाजीवालीच्या वाट्याला पहिलीच येते, तीही दर बाजाराला शंभर रुपये मोजून.

१ जानेवारी २०२५ पासून बँका २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागत नाहीत. नियमाने दार रुंद केलं आहे. त्या दारातून कोण आत जाणार हे मात्र गावातच ठरतं, सोसायटीच्या आणि बँकेच्या संचालकांच्या टेबलावर.

म्हणून वाचकांना एकच सांगणं आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे, पतसंस्थेचे, सहकारी बँकेचे सभासद असाल. वार्षिक सभेची नोटीस घरी येते, लाभांश किती एवढं बघून आपण ती बाजूला ठेवतो. यंदा सभेला जा. नफ्याचा आकडा ऐकून झाला की उभे राहा आणि विचारा : वर्षभरात ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा किती जणांना आपण कर्ज दिलं, किती बायकांना दिलं, आणि संचालकांच्या नात्यागोत्यात किती गेलं? सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ अशी एक ओळ असते. ती सभासदांसाठीच ठेवलेली आहे.